पडद्यावरची देवनागरी: अक्षर नेमके फुटते कुठे?

गोंदिया तालुक्यातले कामठा हे धानाच्या शिवारातले गाव. नागपूरकर भोसल्यांच्या काळात इथे मोठी जमीनदारी होती. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि गावाचा जिल्हा बदलला. मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा शेजारीच असल्याने या पट्ट्यात मराठी, हिंदी, पोवारी आणि झाडीबोली एकमेकींच्या शेजारी नांदतात, आणि चारही भाषा देवनागरीतच लिहिल्या जातात. सातबारा, धानखरेदीची नोंदणी, दाखल्यांचे अर्ज, बातम्या हे सगळे आता इथेही पडद्यावरच वाचले जाते. कुणी ते नव्या मोबाइलवर वाचतो, कुणी साध्या बटणांच्या फोनवर, तर कुणी सेवा केंद्रातल्या दहा-बारा वर्षे जुन्या संगणकावर. एकच पान या तिन्ही ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसते. कुठे अक्षर रेखीव असते, कुठे वेलांटीच्या कमानीला पायऱ्या पडलेल्या असतात, तर कुठे शिरोरेषा एका अक्षरावर ठळक आणि पुढच्या अक्षरावर पुसट असते. त्यावर लोक एकच शेरा मारतात: फॉन्ट फुटलाय.

या एका तक्रारीत निदान तीन वेगळे आजार दडलेले असतात. पहिला कडांचा: अक्षराचा आकार बरोबर असतो, पण पिक्सेलांच्या चौकटीत बसवताना त्याच्या कडा दातेरी होतात. दुसरा जोडणीचा: जोडाक्षर सुटते, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. तिसरा बदली फॉन्टचा: पानाने मागितलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीच नसते किंवा एखादे अक्षर नसते, आणि ब्राउझर यंत्रात मिळेल तो फॉन्ट उचलतो. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. गेल्या पंचवीस वर्षांत मराठी पानांवर जी उलटसुलट मलमपट्टी झाली, तिचे मोठे कारण म्हणजे एका आजाराचे औषध दुसऱ्याला दिले गेले, आणि तेही बहुतेकदा रोमन लिपीसाठी तयार केलेले.

आधी कडांचे पाहू. फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षर वक्ररेषांच्या रूपात असते, तर पडदा म्हणजे आलेखवहीसारख्या बारीक चौकोनांची जाळी. एखादा चौकोन अक्षराच्या आत की बाहेर, हे ठरवण्याचे काम यंत्रातली एक प्रणाली करते. तिने प्रत्येक चौकोन पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा केला तर तिरप्या आणि गोल कडांना पायऱ्या पडतात. काठावरच्या चौकोनांना करड्या छटा दिल्या तर पायऱ्या डोळ्याला जाणवत नाहीत, पण अक्षर किंचित धूसर होते. या दोन टोकांमध्ये कुठे थांबायचे, याचे प्रत्येक कंपनीचे उत्तर वेगळे. मायक्रोसॉफ्टने चौकटीला मान दिला: रेषा सरकली तरी चालेल, पण ती पिक्सेलवर नेमकी बसली पाहिजे. ॲपलने आकाराला मान दिला: थोडे धूसर चालेल, पण अक्षर छापील वळणासारखेच राहिले पाहिजे. २००७ मध्ये ॲपलने आपला सफारी ब्राउझर विंडोजवर आणला, तेव्हा एकाच संगणकावर दोन ब्राउझर शेजारी ठेवून हा मतभेद कुणालाही पाहता येत होता.

मायक्रोसॉफ्टचे क्लिअरटाइप तंत्र १९९८ मध्ये जाहीर झाले आणि २००१ च्या विंडोज एक्सपीमधून घरोघर पोचले. रंगीत पडद्याच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. त्या स्वतंत्रपणे वापरून आडव्या दिशेतला बारकावा जवळपास तिप्पट करायचा, ही त्यामागची कल्पना. रोमन लिपीत उभ्या दांड्या जास्त असल्याने तिला याचा मोठा लाभ झाला. जुन्या विंडोजमधल्या क्लिअरटाइपमध्ये उभ्या दिशेत मात्र कडा मऊ करण्याची सोयच नव्हती.

देवनागरीची अडचण नेमकी इथे आहे. या लिपीचा कणा आडवा आहे. शिरोरेषा आडवी, तिच्यावर मात्रा, अनुस्वार, रफार आणि वेलांटीची कमान, खाली उकार, आणि ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध’सारख्या जोडाक्षरांत अक्षराखाली अक्षर. ‘गोंदिया’ हा एक शब्द घेतला तरी शिरोरेषेच्या वर मात्रा, अनुस्वार आणि वेलांटी यांना जागा हवी. म्हणजे देवनागरीला बारकावा हवा तो उभ्या दिशेत, आणि क्लिअरटाइपने दिला तो आडव्या दिशेत. वेलांटीची कमान जिथे जवळजवळ आडवी होते, तिथेच पायऱ्या सर्वांत ठळक दिसत, त्याचे कारण हे.

त्यातही एक्सपीमध्ये क्लिअरटाइप मुळात बंदच असे. ते डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावे लागे. २००६ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ७ ने ते स्वतःच्या पानांपुरते आपोआप सुरू केले, त्यामुळे त्याच यंत्रावर शेजारच्या ब्राउझरमध्ये तेच पान वेगळे दिसू लागले. शिवाय एक्सपीत देवनागरी नीट जुळावी म्हणून प्रादेशिक सेटिंगमध्ये गुंतागुंतीच्या लिपींची एक खूण करावी लागे, आणि त्या वेळी बहुधा विंडोजची सीडी मागितली जाई. ज्यांच्याकडे ती सीडी नव्हती, त्यांच्यासाठी मराठी आंतरजाल कायमचे फुटलेलेच राहिले.

अक्षर चौकटीत कसे बसवायचे, याच्या सूचना फॉन्टच्या आतच लिहून ठेवता येतात. त्याला हिंटिंग म्हणतात. शिरोरेषा या आकारात एक पिक्सेल जाड, त्या आकारात दोन. काना नेहमी पूर्ण पिक्सेलवर. ‘ध’चा किंवा ‘भ’चा वरचा गोल बुजता कामा नये, अशा त्या सूचना असतात. हे काम अत्यंत किचकट. रोमन फॉन्टच्या तुलनेत देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे आकारांची संख्या कित्येक पटींनी जास्त असते, आणि प्रत्येकावर शिरोरेषा त्याच उंचीवर, त्याच जाडीने उमटावी लागते. एका आकारातही चूक झाली तर शब्दाच्या मधोमध शिरोरेषा एक पिक्सेल खाली-वर होते. एखादा फॉन्ट छापील जाहिरातीत देखणा दिसतो आणि पडद्यावर दातेरी, याचे कारण बहुधा हेच: त्यात हिंटिंग नसते, किंवा रोमन अक्षरांपुरतेच असते.

या दृष्टीने विंडोज २००० सोबत आलेल्या ‘मंगल’ची आठवण कृतज्ञतेने ठेवायला हवी. तो र. कृ. जोशी यांचा. कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले अध्यापक असलेल्या जोशींनी भारतीय लिपींच्या संगणकीय अक्षरांसाठी मोठे काम केले. मंगलवर पुढे टीका झाली, तो रुक्ष आहे असे म्हटले गेले. पण लहान आकारात, ढोबळ पडद्यावर तो वाचता येत असे. एक्सपीतल्या मंगलला स्वतंत्र ठळक वजन नव्हते, त्यामुळे मथळ्यांसाठी ब्राउझर त्याच अक्षराला कृत्रिम जाडी देई आणि जोडाक्षरांतल्या पोकळ्या बुजत. तो दोष फॉन्टच्या माथी मारला गेला.

वेबवरचे मराठी त्याआधीच एका वेगळ्या वाटेने गेले होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर मराठी आकार बसवलेले असत. वाचणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसेल तर पानावर निरर्थक रोमन अक्षरांचा खच दिसे. त्यावर तोडगा म्हणून १९९७ मध्ये फॉन्ट पानासोबतच पाठवण्याच्या दोन पद्धती आल्या: नेटस्केपसाठी बिटस्ट्रीमची आणि इंटरनेट एक्सप्लोररसाठी मायक्रोसॉफ्टची. भारतीय भाषांतल्या अनेक वृत्तपत्रांनी त्या वापरल्या. पण एका ब्राउझरची फाइल दुसऱ्याला चालत नसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, तरी मराठी पाने तिच्याकडे वळायला पुढचे दशक उजाडले. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मे रोजी सुरू झाला, तो या वळणावरचा महत्त्वाचा टप्पा. जुन्या फॉन्टातली पाने युनिकोडमध्ये बदलून दाखवणारे ‘पद्म’ हे फायरफॉक्सचे जोडसाधन त्या संक्रमणकाळात अनेकांच्या उपयोगी पडले.

आजचा वेब-फॉन्ट, म्हणजे पानासोबत येणारा आणि सर्व ब्राउझरांत चालणारा, खऱ्या अर्थाने २००८ ते २०१० या काळात रुजला. सफारी ३.१, फायरफॉक्स ३.५ आणि मग क्रोम यांनी तो स्वीकारला. २०१० मध्ये गुगल फॉन्ट्स आले. वोफ या फाइलप्रकाराला २०१२ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमची मान्यता मिळाली. आणि लगेच दातेरी कडांचा प्रश्न जगभर पेटला. विंडोजसोबत येणारे एरियल, व्हर्डाना यांसारखे फॉन्ट अतिशय मेहनतीने हिंट केलेले होते; वेबवरून येणारे नवे फॉन्ट तसे नव्हते. विंडोजच्या जुन्या प्रणालीच्या काटेकोर चौकटीत त्यांचे मोठे मथळेसुद्धा पायऱ्या-पायऱ्यांचे दिसू लागले.

यावरचा खरा तोडगा विंडोज ७ सोबत २००९ मध्ये आला होता: डायरेक्टराइट ही अक्षरे रेखाटण्याची नवी प्रणाली. त्यात उभ्या दिशेतही कडा मऊ करण्याची सोय होती. पण ब्राउझरांनी ती केव्हा वापरायची, हे त्यांच्या हाती. इंटरनेट एक्सप्लोरर ९ आणि फायरफॉक्स ४ यांनी ती मार्च २०११ मध्ये घेतली. तेव्हा उलट ओरड झाली, आता अक्षर धूसर दिसते म्हणून. फायरफॉक्सने मग एरियल, टाहोमा, व्हर्डाना अशा ठरावीक फॉन्टांना लहान आकारात जुनीच पद्धत लावली. त्या यादीत देवनागरी फॉन्ट नव्हता. क्रोमने डायरेक्टराइट स्वीकारले ते थेट ऑगस्ट २०१४ मध्ये, ३७ व्या आवृत्तीत. ज्या काळात क्रोम भारतात झपाट्याने पसरत होता, नेमक्या त्या वर्षांत त्यातली देवनागरी सर्वांत दातेरी होती.

मधल्या काळात विकसकांनी जे घरगुती इलाज शोधले, ते आजही जुन्या पानांच्या पोटात सापडतात, म्हणून ते तपासायला हवेत. पहिला इलाज होता फॉन्टच्या फाइलींच्या यादीत एसव्हीजी प्रकारची फाइल सर्वांत आधी ठेवण्याचा. क्रोम ती चित्रासारखी रेखाटत असल्याने कडा मऊ होत. रोमनमध्ये हे चालून गेले. पण त्या प्रकारात देवनागरीच्या जोडणीचे नियम पूर्ण उतरत नाहीत, त्यामुळे कडा सुधारल्या तरी जोडाक्षरे मोडत. क्रोमने पुढे एसव्हीजी फॉन्टचा आधारच काढून टाकला. दुसरा इलाज अक्षराला पाव-अर्ध्या पिक्सेलची बाह्यरेषा देण्याचा. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. बाह्यरेषा दिली की ते सांधे उघडे पडतात आणि प्रत्येक अक्षराच्या खांद्यावर एक उभी रेघ दिसते. तिसरा इलाज मजकुराला फिकट सावली देण्याचा. त्याने ‘क’चे पोट आणि ‘क्ष’ची गाठ भरून येते. हे तिन्ही इलाज आज मराठी पानावर आढळले तर सरळ काढून टाकावेत.

मॅकवर अक्षर बारीक करणारी ‘फॉन्ट-स्मूदिंग’ची आज्ञाही अशीच सरसकट टाकली जाते. विंडोज आणि अँड्रॉइडवर ती काहीच करत नाही. मॅकवर मात्र शिरोरेषा उगाच पातळ करते.

एका नुकसानीबद्दल स्पष्टपणे बोलायला हवे, कारण ते आजही रोज घडते: अक्षरांमधले अंतर वाढवणे. इंग्रजी मथळ्यांत ही सजावट शोभते आणि तीच आज्ञा पानाच्या तयार साच्याबरोबर मराठी पानावर येते. मग ‘कामठा’ या शब्दाची अखंड शिरोरेषा तीन तुकड्यांत तुटते. वाचणारा म्हणतो, फॉन्ट फुटला. इथे ब्राउझरचा दोष नाही, फॉन्टचाही नाही. सांगितले तसेच ब्राउझरने केले. मराठी मजकुराला हे अंतर शून्यच हवे.

मोबाइलची कहाणी वेगळी. २०१० च्या आसपास भारतातल्या साध्या फोनांत ऑपेरा मिनी हा ब्राउझर फार चालत असे आणि त्या फोनांना देवनागरी येतच नसे. चौकोनांच्या रांगा दिसत. ऑपेरा मिनीच्या आतल्या सेटिंगमध्ये गुंतागुंतीच्या लिपींसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा एक पर्याय होता. तो सुरू केला की मजकूर ऑपेराच्या सर्व्हरवर रेखाटून छोट्या चित्रांच्या रूपात फोनवर येई. अक्षर ओबडधोबड, मोठे करता न येणारे. पण वाचता येणारे. हा पर्याय मित्रांनी एकमेकांना शिकवला. २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.० च्या सुमारास देवनागरीची जोडणी त्या प्रणालीत आली आणि ही कसरत हळूहळू संपली.

आज मोबाइलवर अक्षर सुबक दिसते, त्याचे मुख्य श्रेय पडद्याच्या घनतेला जाते. ६.५ इंची, ७२० बाय १६०० पिक्सेलांच्या साध्या स्मार्टफोनवर एका इंचात सुमारे २७० पिक्सेल मावतात. २०१७ च्या जिओफोनवर, २.४ इंची पडद्यात २४० बाय ३२० पिक्सेल म्हणजे इंचाला सुमारे १६७. आणि कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या १८.५ इंची, १३६६ बाय ७६८ च्या मॉनिटरवर इंचाला जेमतेम ८५. म्हणजे कामठ्यातल्या वाचकाच्या खिशातला पडदा त्याच्या टेबलावरच्या पडद्यापेक्षा तिप्पट बारीक आहे. पान तयार करणारा शहरातल्या उंची लॅपटॉपवर काम करतो आणि त्याला दाते दिसतच नाहीत. मराठी पानाची परीक्षा घ्यायची तर ती या ८५ पिक्सेलांच्या पडद्यावर घ्यावी. तिथे पास झालेले पान कुठेही वाचता येते.

जुन्या यंत्रांचा प्रश्न आपोआप सुटणारा नाही. एक्सपीवर क्रोमची ४९ वी आवृत्ती शेवटची, विंडोज ७ वर १०९ वी. त्यापुढच्या सुधारणा त्या संगणकांवर पोचतच नाहीत. जानेवारी २०२५ मधल्या क्रोम १३२ पासून विंडोजमधल्या क्लिअरटाइप जुळवणीच्या साधनात वापरकर्त्याने निवडलेला ठळकपणा ब्राउझर पाळू लागला. फिकट मजकुराच्या तक्रारीवरचा हा चांगला उपाय, पण नव्या विंडोजपुरताच. जुन्या यंत्रावर पान बनवणाऱ्याच्या हाती उरतो तो फॉन्ट आणि त्याचा आकार.

फॉन्टच्या बाबतीत मात्र दिवस पालटले आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ आणि ‘बलू’, इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘हिंद’, गुगलचा ‘नोटो’, राज्य मराठी विकास संस्थेने प्रसिद्ध केलेला ‘यशोमुद्रा’ आणि त्यावर बेतलेला आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे सगळे मुक्तपणे मिळतात. हिंटिंगचे कामही सोपे झाले. ॲपलच्या हिंटिंगवरच्या पेटंटची मुदत २०१० मध्ये संपली आणि फ्रीटाइप या मुक्त प्रणालीत ते उघडपणे वापरता आले. त्याच प्रणालीवर काम करणाऱ्या व्हेर्नर लेम्बर्ग यांनी आपोआप हिंटिंग करणारे टीटीएफ-ऑटोहिंट हे साधन बनवले. पुढे त्यात देवनागरीचीही सोय झाली, शिरोरेषा एका ओळीत धरून ठेवण्यासह. ज्या संस्थेकडे स्वतःचा फॉन्ट आहे पण हिंटिंग नाही, तिने आधी हा प्रयोग करून पाहावा. त्याच वेळी फॉन्टच्या आतल्या ‘गॅस्प’ नावाच्या कोष्टकात उभ्या दिशेतल्या मऊपणाची परवानगी दिलेली आहे की नाही, तेही तपासावे. ती नसेल तर डायरेक्टराइट असूनही वेलांटीला पायऱ्या पडू शकतात.

आकाराचा मुद्दा साधा आहे आणि सर्वांत दुर्लक्षित. वरच्या मात्रा आणि खालचे उकार सामावून घ्यायचे म्हणून देवनागरी अक्षराचा मुख्य भाग त्याच मापाच्या इंग्रजी अक्षराच्या मानाने लहान पडतो. इंग्रजीसाठी १४ पिक्सेल ठरवलेल्या साच्यात मराठी ओतली तर जोडाक्षराला मूठभर पिक्सेल उरतात, आणि मग कोणतीही प्रणाली त्याला वाचवू शकत नाही. धावत्या मजकुराला १८ पिक्सेल आणि दीडपटीहून थोडे जास्त ओळींचे अंतर, इथून सुरुवात करावी. दोन लिप्या एकाच ओळीत येत असतील तर २०२१ पासून ब्राउझरांत येऊ लागलेली, फॉन्टचा आकार टक्क्यांत जुळवण्याची सोय कामी येते.

बदली फॉन्टचा आजार ओळखायला दोन शब्द पुरतात. ‘ॲप’ लिहून पाहावे. यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. जुन्या फॉन्टमध्ये तो नसेल तर ते एक अक्षर दुसऱ्याच फॉन्टातून येते आणि शब्दाच्या मधोमध शिरोरेषेची जाडी बदलते. दुसरा शब्द ‘शेतकऱ्यांचा’. त्यातला अर्धा ‘र’ नीट वळला नाही, तर फॉन्टमध्ये मराठीची सोय नाही किंवा फाइल हलकी करताना ती कापली गेली. धानपट्ट्यातल्या पानावर हा शब्द येणारच, तेव्हा चाचणीही त्यानेच घ्यावी. रोबोटो किंवा ओपन सान्स यांत तर देवनागरीच नाही. ते नाव घातले की विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो असे तीन वेगळे चेहरे येतात.

उरतो वळणाचा प्रश्न, आणि सीमेवरच्या गावात तो नाजूक आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदी छपाईतल्या वळणापेक्षा वेगळे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी ते निश्चित केले. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे असे आज्ञावलीत नोंदवले तरच मराठी वळण उमटते. ही नोंद एका ओळीची, तरीही असंख्य मराठी पानांवर इंग्रजीचीच नोंद साच्यातून तशीच राहिलेली असते. पोवारीसाठी ‘पीडब्ल्यूआर’ अशी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय भाषाखूण आहे. पण ती लावली तर फॉन्टमध्ये त्या भाषेची सोय नसल्यास मूळ वळणच दिसते, आणि ते बहुधा हिंदी असते. गोंदिया आणि बालाघाट या दोन्ही बाजूंना पोवारी लिहिली जाते, तेव्हा कोणते वळण घ्यायचे हे लिहिणाऱ्यांनीच ठरवावे. मराठी वळण हवे असेल तर ज्यात ते मुळातच बसवलेले आहे, असा ‘टिरो देवनागरी मराठी’सारखा फॉन्ट घेणे हा सध्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, तो २०२२ पासून मोफत मिळतो आणि भाषेच्या नोंदीवर अवलंबून राहत नाही.